पाठ टेकली न्हाय

आमच्या बापूमामाला घेऊन सिनेमाला जाऊ नये बघा. जुना पैलवान गडी. परवा गेलतो. शेवटाला हिरोनं व्हिलनला उचलून आपटला. व्हिलन मेला, लोक उठाय लागले, तर मामा ओरडला, "बसा खाली! पाठ टेकली न्हाय त्याची!"

मागनं एकजण म्हणाला, "टेकली की!"

झालं. थेटरात दोन पार्ट्या पडल्या. मॅनेजरनं वैतागून तेवढा तुकडा परत लावला. व्हिलन खरंच कुशीवर पडलेला! सगळं थेटर शिट्ट्या मारत मामाच्या बाजूला.

घरी मामीनं विचारलं, "शेवटाला मेला का व्हिलन?"

मामा चपला काढत म्हणाला, "मेला की. पण हरला न्हाय."