माउस लावून टचपॅडची दुरुस्ती

माझ्यापुढं लिनक्सचं नाव काढू नका राव. त्या दुष्काळी उन्हाळ्यात आम्ही बजाजनगरला राहायचो. संतोष नावाच्या दोस्तानं माझ्या जुन्या लॅपटॉपवर हौसेनं लिनक्स टाकून दिलं, अन् टचपॅडच बंद पडलं. बोट घासून दुखायला लागलं, पण स्क्रीनवरचा बाण हलंना.

सुट्टीच्या दिवशी संतोषला फोन लावला. म्हणाला, "तात्पुरता माउस लाव अन् मी सांगतो त्या कमांड टाक." टाकल्या. दर वेळी लॅपटॉप बंद-चालू करून टचपॅडवर बोट फिरवायचो, पण बाण ढिम्म. शेवटी संतोषच वैतागला. "मेलं असंल तुझं टचपॅड!"

तेवढ्यात खाली पाण्याचा टँकर आला. बायको ओरडली, "उठता का? लोकं पाइप टाकायलेत!" मी उठंना, तसं तिनं रागानं माउसची वायर उपटली अन् हंडे घेऊन खाली पळाली. माझं बोट टचपॅडवरच होतं. बाण सरकला!

संतोषला सांगितलं. तो म्हणाला, "यार, माउस जोडला की टचपॅड बंद राहतं. ती सेटिंग मीच केली व्हती. पहिल्याच कमांडला दुरुस्त झालं असंल ते."

मी दारात जाऊन ओरडलो, "अगं, चालू झालं!"

रिकामे हंडे घेऊन जिना चढता चढता ती म्हणाली, "टँकर गेला."