दीड वाजताची सही

माझं माहेर माण तालुक्यातलं, दहिवडीच्या पलीकडं यष्टीतनं उतरून पुढं तासभर चालत जायचं असं गाव. आता तिथं डांबरी झाली म्हणतात, मी न्हाई बघितली. ताई, गावाचं नाव लिहू नका हं, आणि माझं पण बदला. खोटं मी काय सांगणार न्हाई, पण तुमी हे लिहून कुणाकुणाला दाखवणार ते मला कुठं ठाऊक हाय? राग मानू नका. आधी मी अशी नव्हते, कुणी पाणी मागितलं तर घरात बसवून च्या पाजणारी बाई मी, पण आता समोरचा गोड बोलला की पहिलं मनात येतं, का बोलतोय हा गोड.

शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा दुसऱ्या गावाला, वाटेत ओढा, मोठी झालेली पोरगी एकटी कशी धाडायची म्हणून आण्णांनी, माझ्या वडलांनी, शाळेतनं काढली. पण माझं अक्षर चांगलं होतं, काय सांगू तुमास्नी, गुरुजी फळ्यावर सुविचार लिहायला मलाच उठवायचे, गावात कुणाच्या लग्नाची पत्रिका आली की पाकिटावरची नावं मी लिहायची. त्या अक्षरानंच मला भाकरी दिली आणि त्या अक्षरानंच हे केलं. सांगते, सगळं सांगते.

लग्न झालं, मालक वाशीच्या मार्केटात माथाडी, कांद्याच्या गोण्या उचलायचे. एक दिवस गोणी पाठीवरनं सरकली ती कंबर घेऊनच गेली. तवापासनं ओझं बंद. मग मी उलव्यात कामं शोधत हिंडले, तवा इमानतळाचं काम चाललेलं, डोंगर फोडत होते, सगळ्या बिल्डिंगांवर धूळ. एका सोसायटीच्या गेटवर वाचमन म्हणाला, बाई, पहिलं रजिस्टरात नाव लिहा. मी लिहिलं. तिथं सेक्रेटरी मॅडम उभ्या होत्या, त्या वाकून बघायला लागल्या, म्हणाल्या, अगं, हे तू लिहिलंस? किती सुरेख लिहितेस, झाडू कशाला मारतेस, आमाला लेडी गार्ड पायजेच हाय. एजन्सीला फोन लावला, आठ दिवसांत मला निळा शर्ट, पँट, शिट्टी. पँट घालून पहिल्या दिवशी मी घरातनं निघेना, मालक म्हणाले, इन्स्पेक्टरीण बाई, चला आता. माझ्या पोरीला शाळेत घ्यावं म्हणून मॅडम स्वतः हेडबाईंना भेटल्या, मालकांसाठी हाडांच्या डॉक्टरला चिठ्ठी दिली. ते उपकार मी विसरले न्हाई. आजही त्यांचं वाईट चिंतत न्हाई, हे आधी लिहा.

तर गेटची रीत अशी. पाहुण्यांचं सगळं मोबाईलवर, पण घरकामाच्या बायांचं रजिस्टर. आत येताना सही आणि टाईम, बाहेर जाताना सही आणि टाईम, आणि जाताना लेडी गार्डनं पिशवी तपासायची. हे पिशवी तपासणं माझ्या जिवावर यायचं. आमच्यासारख्याच बाया, कुणी उरलेली भाजी नेतंय, कुणी मॅडमनं दिलेला जुना फ्रॉक, आणि मी त्यात हात घालून बघायचं. दुपारी एक ते दोन म्हणजे तर जत्रा, शाळेच्या व्हॅन, पार्सलवाले, सगळ्या बाया एकदम घरी निघालेल्या. मग मी काय करायची, ज्या रोजच्या, भरवशाच्या, त्यांना सोडून द्यायची. त्यातलीच पल्लवी.

एकवीस-बावीसची पोरगी, आई शाळेत खिचडी शिजवायची, बाप न्हाई. बी विंगला अकराशे दोनमध्ये स्वयंपाक करायची. सकाळी साडेअकराला यायची, दीडला जायची, कोपऱ्यावरची रिक्षा चुकू नये म्हणून पळत. लांबूनच हात करायची, हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या, आणि ओरडायची, ताई, माझी सही तूच मार गं, तुझं अक्षर माझ्यापेक्षा छान हाय. मी मारायची. आधी ती गेल्यावर मारायची, मग ती दिसली की, मग असं झालं की सव्वाला डबा उघडायच्या आधीच मी पाच-सहा जणींच्या सह्या आणि टाईम एकदम टाकून मोकळी व्हायची. जाणारच हायत की, राहणारेत कुठं. त्यांना पण बरं, रांग न्हाई, पिशवी न्हाई. मला वाटायचं मी त्यांच्यावर माया करतेय.

त्या दिवशी संध्याकाळी पल्लवी घरी गेली न्हाई.

तिची आई गेटवर आली तवा माझी ड्युटी संपलेली, संध्याकाळच्या गार्डनं रजिस्टर उघडून दाखवलं, ही बघा, दीडला बाहेर पडली. फोन दुपारपासून बंद. कॅमेरा बघायचा तर गेटपाशी ड्रेनेजचं खोदकाम, त्यात वायर तुटलेली, आठवडाभर बंद. म्हणजे आख्ख्या बिल्डिंगीत एकच साक्षीदार, ते रजिस्टर. दुसऱ्या दिवशी पोलीस आले. साहेबांनी विचारलं, तुमी तिला जाताना बघितलं? मी म्हणाले, होय साहेब, हात करून गेली. ताई, तवा मी खोटं बोलले न्हाई. मला खरंच तो हात दिसत होता, त्या बांगड्या. लिहिलेलं होतं ना, मग बघितलंच असणार. साहेब म्हणाले, कुणाबरोबर जायची? मी म्हणाले, रिक्षा ष्टँडवरचा दिनेश सोडतो तिला कधीकधी.

एवढं मी बोलले. बोट मीच दाखवलं.

दिनेश इथलाच, आगरी पोरगा, रिक्षात पुढं गणपती आणि मागं स्पीकर. त्याचं तिच्यावर मन होतं हे सगळ्या ष्टँडला ठाऊक. त्याला नेलं, सोडलं, परत नेलं. मला तर तवा तोच वाटायचा. आदल्या हप्त्यात ती त्याच्या रिक्षात न बसता दुसऱ्याच्या रिक्षात बसली ते मी बघितलेलं. मग मला तिचा मामा वाटायला लागला. पोलादपुराकडचा, दोनच दिवस आधी गेटवर येऊन विचारत होता, आमची भाची कुठल्या इमारतीत काम करते. बायको मेलेल्या एका माणसाचं स्थळ आणलेलं त्यानं. पल्लवी मला म्हणालेली, ताई, जास्त केलं ना तर पळून जाईन बघ. हसत म्हणालेली, पण म्हणालेली. मामा पोलिसांना म्हणाला, मी त्या दिवशी गावी होतो, आणि गावातली चार माणसं होय म्हणाली. चार माणसं कशाला पण होय म्हणतात, ताई. मी एकटी म्हणालेच होते की.

असे तीन-चार महिने गेले. एक दिवस दिनेशची आई गेटवर आली, नऊवारी वर खोचलेली, मासळीची पाटी खाली आपटली आणि माझ्यासमोर कंबरेवर हात ठेवून उभी. सगळ्या बाया बघतायत. म्हणाली, तूच काय गो ती, चांगला अक्षरवाली? पोलीस माझ्या पोराला पाय टेकू देत नाय. त्याच्या रिक्षान कोनी बसत नाय. मला येकच सांग, तुज्या सोताच्या डोल्यांनी तिला भायेर जाताना बगलास? म्हावऱ्यावर हात ठेवून सांग, ह्यावर आमचा पोट हाय.

मी म्हणाले, रजिस्टरात हाय.

ती म्हणाली, रजिस्टरला डोले हान काय गो?

तिनं पाटी उचलली, गेली. मी डबा तसाच बाजूला सारला. तो हात मला दिसत होता, पण कुठल्या दिवशीचा? बांगड्या त्याच, पळणं तेच, रोजचंच. मग म्हटलं, त्या दिवशी दुसरं काय झालं ते आठव. आठवंना. केबिनमध्ये दुसरी एक वही असते, पाण्याच्या टँकरची, टँकर मागच्या गेटनं येतो, तो किती वाजता आला, कधी गेला ते लिहायचं. मोठं रजिस्टर पोलिसांनी नेलेलं, ही वही कुणी मागितलीच न्हाई. मी ती तारीख काढली. टँकर आला एक वीस, गेला एक पंचावन्न. माझं अक्षर. त्या दिवशी मागचा गार्ड रजेवर, म्हणून मीच तिथं होते, आणि पुढं एकटा वाचमन, व्हॅन आणि पार्सलवाल्यांत अडकलेला, बायांचं सगळं माझ्यावर सोडलेलं. मागच्या गेटवरनं पुढचं गेट दिसत न्हाई, ताई. मध्ये आख्खी बी विंग हाय.

म्हणजे दीड वाजता मी तिला बघितलंच न्हाई.

 आता सगळंच फिरलं. ती बाहेर गेली म्हणून सगळे बाहेर शोधत होते, ष्टँड, मामा, पनवेलपर्यंतचे लॉज. आत कुणी बघितलंच न्हाई. अकराशे दोनच्या साहेबांना पोलिसांनी दारातच विचारलं, ते म्हणाले, जेवण करून वेळेवर गेली, आणि रजिस्टर पण तेच म्हणत होतं. साहेब एकटेच होते, त्यांची बायको बाळंतपणाला माहेरी. आणि हे ऐका, ती गायब झाल्यावर महिन्याच्या आतच साहेबांनी फ्लॅट सोडला. बदली झाली म्हणाले. टेम्पो मीच बाहेर काढला, सामानाची यादी मीच लिहिली, फ्रिज, कपाटं दोन, पलंग एक. मी म्हणाले, साहेब, गादी? ते म्हणाले, ढेकूण झालेले, टाकली. तवा मी होय म्हणून पुढं लिहिलं. आता वाटतं, गादी टाकायची तर गेटनंच जायला पायजे, आणि माझ्या वहीत गादी न्हाई. दुसऱ्या शिफ्टला गेली असंल. ढेकूण पण खरेच असतील. मी काय माणसावर आळ घेत न्हाई, आळ घेऊन काय होतं ते मी बघितलंय.

पहिली मी सेक्रेटरी मॅडमकडं गेले. माझी माउली ती, दुसरं कुणाकडं जाणार. त्यांनी मला सोफ्यावर बसवलं. तीन वर्षांत पहिल्यांदा सोफ्यावर, कपबशीत च्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, हे बघ, आता चार महिन्यांनी बोललीस तर खोटी साक्ष दिली म्हणून तुलाच आत टाकतील. तुझी पोरगी आत्ता कुठं शाळेत रुळलीय. बिल्डिंगचं नाव पेपरात येईल, लोकांचे फ्लॅट विकले जायचे न्हाईत. आणि ते साहेब सज्जन माणूस हाय गं, मी ओळखते. जाताना मला साडी दिली, दिवाळीला अजून वेळ होता. खाली येताना लिफ्टमध्ये मी विचार करत होते, काळजीनं बोलल्या का भीतीनं, आणि भीती असली तर कशाची. त्यांना ठाऊक हाय का काय? का फ्लॅटचीच काळजी? ज्या बाईनं मला उभं केलं तिच्यावर मी संशय घेतेय, म्हणून माझीच मला लाज वाटली. साडी अजून घडी मोडली न्हाई.

दोन दिवस मी पोरीकडं बघत बसले. शाळेतनं आली की वही दाखवायची, आई, माझं अक्षर तुझ्यासारखं आलंय बघ. तिसऱ्या दिवशी मी टँकरची वही पिशवीत घातली. माझी पिशवी कोण तपासणार, तपासणारी मीच. तशीच पल्लवीच्या आईच्या खोलीवर गेले. ती तांदूळ निवडत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. वाटलं, मारंल. तिनं मारलं न्हाई, सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, मग ती बाहेर पडलीच न्हाई म्हणतेस?

मी म्हणाले, तसं न्हाई म्हणत. मी बघितलं न्हाई, एवढंच म्हणते. मागचं गेट टँकरला उघडं होतं, मी ड्रायव्हरच्या पावतीवर सही करायला पाठ फिरवली तवा तिकडनं पण गेली असंल, आपल्या मनानं.

ती म्हणाली, चल.

पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, बाई, चार महिने कुठं होता तुमी? मी टँकरची वही त्यांच्या टेबलावर ठेवली. जबाब लिहून घेतला, खाली माझी सही. अकराशे दोन उघडून बघितला, तवर नवीन भाडोत्री, भिंतींना नवा रंग. त्या साहेबांना बोलावलं, ते वकील घेऊन आले. काय निघालं न्हाई. दिनेशला बोलावणं बंद झालं, एवढं एक झालं. त्याची आई मला एकदा बाजारात भेटली, पाटीतला एक बांगडा माझ्या पिशवीत टाकला आणि पुढं गेली.

त्या सोसायटीतनं मला काढलं. एजन्सीनं मेहरबानी केली, खांदेश्वरला दुसऱ्या गेटवर लावलं. इथं मी कुणाची सही मारत न्हाई. बाई कितीबी घाईत असू दे, पेन हातात देते, थांबवते, आणि कोपरा वळंपर्यंत बघते. बाया म्हणतात, ही सातारकरीण लई खडूस. म्हणू देत. दोन वाजले की मी आत आलेली आणि बाहेर गेलेली नावं जुळवते, एक जरी कमी पडलं तर इंटरकॉम लावते, ताई, तुमची बाई अजून आत हाय का? लोक चिडतात.

तिची आई महिन्यातनं एकदा येते, गेटवर माझ्याजवळ बसते, आमी डबा वाटून खातो. दिनेश का मामा का अकराशे दोनचे साहेब, सगळं बोलून झालंय आता. कधी ती म्हणते पळालीच असंल, कधी मी म्हणते. खरं म्हणजे एवढंच, ताई, आत आली ते तिनं लिहिलंय, तिच्या वाकड्या अक्षरात, पल्लवी, साडेअकरा. बाहेर गेली ते मी लिहिलंय.

पळाली असंल तर सुखी असू दे, आईला फोन न्हाई केला तरी चालंल, मामाच्या हाताला नको लागू देत, माझं आयुष्य तिला लागू दे. आणि एक दिवस ह्या गेटवर येऊन मला चार शिव्या घालू दे.  पेन तिच्या हातात देईन.