ओटी भरली म्हणून वोट

(बीरगांवच्या कांताबाईंनी सांगितलं, तसंच उतरवून घेतलेलं)

माहं माहेर तिरोड्याकडचं, धानाच्या बांधीतलं. लग्न झालं अन् इकडे रायपूरले आली, आमचे हे रेल्वेच्या वॅगन कारखान्यात होते, आता रिटायर आहेत, दिवसभर खुर्चीत बसून माह्या बोलण्यातल्या चुका काढतात, आत्ताही पाहा, पेपर तोंडापुढे धरला पण कान इकडेच आहे. तवाचं रायपूर केवढंसं होतं, काय सांगू तुम्हाले. मंग नवीन राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, मोठमोठे रस्ते झाले, चौकात कारंजे लागले, अन् आम्ही इथं शहराच्या कडेले बीरगांवात घर बांधलं तं आमच्या वाट्याले काय आलं, कारखान्याची काळी धूळ. सकाळी पापड वाळू घातले का संध्याकाळी काळे. हे म्हणतात का राजधानी आपल्या गल्लीच्या तोंडापर्यंत आली अन् नाली पाहून परत गेली.

त्या नालीचंच सांगते. गल्लीच्या तोंडाशी आडवी उघडी नाली, वरची फरशी कवाचीच फुटलेली, सायकल निघे पण ऑटो आत येत नव्हता. माही सून सविता, तिचं पहिलं बाळंतपण होतं, दुपारीच पोटात दुखाले लागलं, पोरगं माहं ड्यूटीवर सिलतऱ्याच्या कारखान्यात, ऑटोवाला नालीपाशी थांबला, म्हणे अम्मा, इसके आगे नहीं जाएगा. मंग खाटेवर टाकून नेलं तिले. खाटेचा एक पाया ह्यायनं धरला, एक शेजारच्या कमलनं, अन् बाकीचे दोन पाऱ्यातल्या, आमच्या मोहल्ल्यातल्या माणसाइनं. नालीवरून खाट पार कराले लय वेळ गेला. दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता, पोट्टी झाली पण जिवंत नाही झाली. मी तिचं तोंड पाहिलं. जाऊ द्या, ते नाही सांगत मी.

ही कमल म्हणजे आमची भिंतीला भिंत लागून शेजारीण. भंडाऱ्याकडची, बौद्ध. माह्या घरची वाटीभर आमटी तिकडे जाते, तिच्याकडची लाल भाजी इकडे येते. पण माह्या हळदीकुंकाले ती येत नाही अन् मी तिच्या विहारात जात नाही, भांडण नाही बाप्पा, ज्याचं त्याचं. त्या दिवसापासून ती नालीच्या मागं लागली, अर्ज देऊन ये, पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या दारात बसून ये, आज साहब नहीं हैं ऐकून ये. अन् मंग आमचा वार्ड बायाइसाठी राखीव झाला, तं तिनं सरळ निवडणुकीचा परचाच भरला. मले लय बरं वाटलं.

पण शशिकलानंही भरला. शशिकला आमच्यातली, नागपूरकडची, दर शुक्रवारी माह्या घरी भजनाले येणारी, गळा गोड, वागाले चांगली, तिच्याबद्दल वाईट नाही बोलणार मी. झालं, आमच्या भजनातल्या बाया म्हणाले लागल्या का आपली बाई उभी आहे, देवाधर्माची आहे, कमल तं देव मानत नाही, तिले कसं वोट द्याचं. मले ते पटलं नाही पण मी गप राहिली. तिकडे विहारातही असंच चालू होतं म्हणे, आपली बाई, आपली बाई. कमलही तिथं हात जोडून आली होती, ती काही संत नाही.

संक्रांत आली. शशिकलानं शीतला मातेच्या मंदिरात मोठं हळदीकुंकू ठेवलं. सविताले तवा दुसऱ्यांदा दिवस होते, सातवा लागला होता. शशिकलानं तिले सगळ्या बायाइमधून पुढं बोलावलं, पाटावर बसवलं, हिरवं ब्लाउजपीस, तांदूळ, नारळ, अशी ओटी भरली, अन् तिच्या पोटावर हात ठेवून मोठ्यानं म्हणे, काकू, देवीच्या साक्षीनं ओटी भरली, आता या घरचं वोट माहं. सगळ्या बाया माह्याकडे पाहाले लागल्या. मी म्हटलं, हो. काय म्हणू दुसरं? आमच्यात ओटी भरणाऱ्या बाईले नाही म्हणत नाही, अन् पोटुशी सुनेची ओटी, देवीपुढं भरलेली. आमच्या बाया अशाच, वोट कोणी मांगितलं तं हसून टाळतील, पण ओटी भरली का बांधल्या गेल्या.

घरी आली. मनात एकच. हो म्हणून वोट दुसरीकडे टाकलं अन् या बाळाचं काही झालं तं? एक पोट्टी गेली आहे. हे म्हणे, देवीले वोट पाहिजे असतं तं तिनं परचा नसता भरला काय? मी अशी रागावली त्याइच्यावर, दोन दिवस चहा समोर ठेवला का न बोलता निघून जायची. तुम्हाले मजाक सुचते, म्हटलं, जीव माहा जाऊन राहिला.

मंग कमलकडे गेली. ती भाजी निवडून राहिली होती. मी सगळं सांगितलं, म्हटलं कमल, मी देवीपुढं हो म्हणून बसली. तिनं भाजी निवडणं नाही थांबवलं. म्हणे, काकू, तुमच्या देवीचं मी काय सांगू, मले त्यातलं कळत नाही, भेव वाटत असन तं देऊन टाका तिले वोट, खाट उचलाले मी तरीही येईन.

रडूच आलं मले. घरी येऊन देवीपुढं दिवा लावला अन् बसली. मी देवी मानते, ताई, पुरी मानते, आजही मानते. पण बसल्या बसल्या मनात आलं, ओटी कोणाची भरली? लेकराची. आशीर्वाद कोणाले? लेकराले. मंग त्याच्या बदल्यात वोट देणारी मी कोण, अन् घेणारी शशिकला कोण? आशीर्वादाचा असा सौदा केला तं पाप त्यात आहे. अन् दुसरं, नाली झाकून दे असं मी देवीले कधी म्हटलंच नाही, ते तं पार्षदाले म्हणत होती. मन एकदम हलकं झालं. देवी मानते म्हणूनच कमलले वोट दिलं मी.

अन् कमल हरली. शशिकला गुलाल लावून पेढे घेऊन आली, माह्या पाया पडली, म्हणे काकू, तुमचं वोट कामी आलं. मी तिचा पेढा तोंडात टाकला.

सविताले आम्ही शेवटच्या महिन्यात पक्क्या रस्त्यावरच्या तिच्या बहिणीकडे नेऊन ठेवलं. तिथून ऑटो वेळेवर भेटला, अन् पोट्टी झाली, चांगली रडणारी. हे म्हणे, पाहा, देवी रागावली नाही. मी म्हटलं, ती रागावणारी नव्हतीच, मीच भेली होती.

बारशाले दोघीही आल्या. शशिकला सयपाकघरात आली तं मी दार लोटलं अन् सांगून टाकलं. शशिकला, वोट मी तुले नाही दिलं.

ती ताट हातात धरून तशीच उभी. मंग म्हणे, काहून काकू? मी ओटी भरली होती.

मी म्हटलं, ओटी तं पोट्टीची होती बाई. वोट नालीचं होतं.

डोळे भरले तिचे, माहेही भरले. मंग हळूच म्हणे, अन् मी नाली झाकली तं? मी म्हटलं, तं देवीले मधात न आणता वोट मांगाले ये. अन् दारापर्यंत ऑटोत बसून ये.

तिनं झाकली, ताई. लगेच नाही, कमलनं तिच्या दारात जाऊन जाऊन चपला झिजवल्या, दोघीचं एकदा भर चौकात वाजलंही, पण झाकली. आता माही नात शाळेच्या रिक्षात दारातून बसते, मी मराठीत हाक मारते अन् ती हिंदीत बाय करते.

पुढल्या महिन्यात फिरून वोट आहे. दोघीही उभ्या आहेत. परवा शशिकला खरंच ऑटोनं आली, दारात उतरली, मी घरात नेऊन तिची ओटी भरली. लगेच भिंतीपलीकडून कमल आली, वाकली, मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. कोणाले देणार ते ह्यायलेही सांगितलं नाही, पेपराआडून कितीही कान द्या म्हणा. आशीर्वाद दोघीलेही दिला मी, तो काही सरत नाही. वोट तेवढं एकच आहे.