आंब्याखालची रेंज

आनंदीबाई : आनि ह्या फोटूत कोन? बिबट्या?

देवव्रत : नाही हो काकी, तुमच्या वाडीतला चांगू आहे. फोनवर बोलतोय.

आनंदीबाई : आनि ही सुंदराबाई. हीपन फोनवरच!

देवव्रत : समोर काही हललं की कॅमेरा आपोआप फोटो काढतो आणि महाडला माझ्या मोबाईलवर पाठवतो. आठवडाभर पाठवतोय. बिबट्याचं शेपूटसुद्धा नाही.

सदू : बिबट्या खाली वहाळावर पानी प्यायला येतो, सर. तुमी कॅमेरा बांधलाव वर टेकडीवरच्या आंब्याला.

देवव्रत : त्यात सिमकार्ड आहे, काका. रेंज लागते. ती अख्ख्या वाडीत फक्त त्या आंब्याखाली.

आनंदीबाई : म्हनून तर अख्खी वाडी तितं जाते. बिबट्याला कुनाला फोन करायचाय?

देवव्रत : आमच्या वन्यजीव संस्थेला सांगायचंय, असले कॅमेरे घ्यायचे की नाही.

सदू : नका घेऊ. काढा तो. आत्ताच काढा.

आनंदीबाई : तुमाला कसली घाई? थांबा सर, मागचा दाखवा. हे आमचंच मानूस ना?

देवव्रत : हो. काका रोजच असतात संध्याकाळी.

सदू : डुकरं येतात गो. भात राखाया जातो.

आनंदीबाई : भात खाली आनि राखन वर?

सदू : वरनं सगला दिसता.

आनंदीबाई : आनि हातात फोन?

सदू : त्यात बॅटरी हाय. डुकराच्या डोल्यावर मारायला.

आनंदीबाई : मग ती बॅटरी टिप्याच्या कानाला कशाला लावलाव?



देवव्रत : मलाही तेच कळेना. कुत्र्याच्या कानाला फोन!

आनंदीबाई : मला कललं. ह्या टिप्याला आमच्या अपेक्षानं चमच्यानं दूध पाजून वाढवलान. दोन वर्सांमागं पोरीनं आपल्या मनानं लगीन केलान. तवापासून ह्यांची शपथ, तिचं नाव घरात काढायचं नाय. मी चुलीपुढं रडले सर, पन नाव नाय काढलं.

सदू : मी नाय केला फोन. आंब्याखालनं जाताना खिशात वाजला.

आनंदीबाई : आनि तुमी उचललाव.

सदू : उचलला. टिप्याशी बोलायचंय म्हनाली. मग रोजचाच झाला.

आनंदीबाई : कुत्र्याला बोलायचा मान, आनि आयला नाय?

सदू : कुठल्या तोंडानं सांगू गो? शपथ मीच घातलेली.

देवव्रत : मी... कॅमेरा काढून आणू का?

आनंदीबाई : ऱ्हाऊ द्या सर. बिबट्या नाय, पन चोर गावला. चांगला हाय तुमचा कॅमेरा. अवो, पोर बरी हाय ना?

सदू : बरी हाय. रोज इचारते, आय कुठं हाय.

आनंदीबाई : मग तुमी काय सांगताव?

सदू : वहाळावर गेलीय, पानी आनायला.

आनंदीबाई : रोज?

सदू : रोज. चल आंब्याखाली, चपला पायात घाल. आज सांगतो तिला, आय आली.