आधी कबरस्तान

...कुठलीही काउंटी राहायला कशी आहे ते बघायचं तर आधी तिथलं कबरस्तान बघायचं, आणि ‘का’ असं विचारायचं नाही! हा आमच्या स्ट्राउड घराण्याचा नियम. थडग्यांवरची वयं वाचायची, माणसं नव्वदी गाठून मेली असली तर पाणी चांगलं, हवा चांगली, घ्या जमीन! मी कॉलेजात चार वर्षं मातीच शिकले हो, मातीचे अहवाल, पाण्याचे अहवाल, सगळं बॅगेत घेऊन फिरतेय, पण नाही, आधी मेलेल्यांना विचारायचं. जिवंत माणसांना विचारायचं नाही!

तुम्हाला सांगते, हे जमीन घ्यायचं खूळ वर्लिनकाकांचं. हा माणूस तीस वर्षं डेटनमध्ये गालिचे विकत होता. एका हिवाळ्यात मोबाईलवर शेळ्यांचे व्हिडिओ बघितले आणि झालं, शहर सोडायचं, चाळीस एकर घ्यायची, आपली विहीर, आपलं लाकूड, आपल्या कोंबड्या, मीठ सोडून काही म्हणून विकत आणायचं नाही! आजोबा काय, तयारच होते. माझा भाऊ टेट, त्याला कुणीही काहीही म्हटलं तरी तो मान हलवतो, तशी त्यानं हलवली. आणि मार्नीवहिनीला सहावा महिना, पाय सुजलेत, तिला कुणी विचारलं? विचारायचं नाही! मला मात्र विचारावं लागलं. कारण आजी जाताना डेटनचं घर आजोबांच्या आणि माझ्या नावावर करून गेली. ते विकल्याशिवाय चाळीस एकर कसली, चाळीस वाफे यायचे नाहीत. म्हणून मला बरोबर घेतलं. सहीसाठी. आणि गाडी चालवायला! तीही कशी, तर मागून दोघं दर वळणाला ओरडणार, “रेना, ब्रेक!”

मग निघालो काउंट्या बघत. पहिली नापास. का? पेट्रोलपंपावर कापलेली फळं मिळत होती. “स्वतःचं कलिंगड कापता येत नाही या लोकांना?” आजोबा म्हणाले. दुसरी नापास, कारण तिथला पोस्टमन फार हसला. तिसरीत चौकात सिग्नल होता... एकच हो, तोही बंद! पण वर्लिनकाका कुजबुजले, “रेना, गाडी वळव. सिग्नल आहे म्हणजे सरकार आहे.”

आणि चौथी ही, मिसूरीच्या डोंगरातली, टॅलो काउंटी. कचेरीत गेलो तर बाई विणत बसलेल्या. काकांनी विचारलं, घर बांधायला परवानगी कुणाची घ्यायची? बाई म्हणाल्या, “बायकोची घ्या. आम्ही काही बघायला येत नाही. दार शेळीएवढं ठेवा नाहीतर हत्तीएवढं.”

काकांच्या डोळ्यांत पाणी! खरंच! लग्नात रडला नव्हता हा माणूस.

मी म्हटलं, “आणि अँब्युलन्स?”

“येते ना. शेजारच्या काउंटीतून. ओढ्याला पाणी नसलं तर.”

“आणि बाळंतपण?”

बाईंनी सुया खाली ठेवल्या. “तो वॉर्ड अकरा वर्षांपूर्वी बंद झाला गं. आता नव्वद मैल.” आणि वहिनीच्या पोटाकडे बघून म्हणाल्या, “पहिलंच आहे का? मग वेळ लागतो. पोचशील.”

पोचशील! ऐकलंत ना? मी काकांकडे बघितलं, काका छताकडे. आजोबा म्हणाले, “रेना, प्रश्न पुरे. कबरस्तान कुठेय?”

गेलो. वहिनी गाडीच्या मागच्या फळीवर पाय लोंबकळत बसली, बिस्किटं खात. टेट तिच्या शेजारी, मान हलवत. आजोबांनी टोपी काढली आणि सुरू केलं. “एक्क्याण्णव!” काकांनी पत्राच्या पाकिटावर लिहिलं. “अठ्ठ्याऐंशी!” लिहिलं. “एझ्रा टटल, त्र्याण्णव! वर्लिन, त्र्याण्णव रे!” लॉटरी लागल्यासारखे नाचत होते हो दोघं, लोकांच्या थडग्यांवर!

मी आपला एझ्रा टटलच्या शेजारचा दगड वाचला. त्याची बायको लेटी, वय बावीस. त्याच्या पलीकडे बायको कोरा, सव्वीस. त्याच्या पलीकडे बायको अल्मा, एकतीस. आणि प्रत्येकीच्या पायाशी एक टीचभर दगड, बिननावाचा.

“आजोबा, हे लिहा ना. बावीस, सव्वीस, एकतीस.”

“ते जुन्या काळातलं.”

मी त्यांचा हात धरला आणि कुंपणापाशी घेऊन गेले. नवा कोरा दगड, प्लॅस्टिकची फुलं. वय सत्तावीस. तीन वर्षांपूर्वीची तारीख, आणि खाली बाळाची, तीच.

काका पाकीट न्याहाळायला लागले. आजोबा खाकरले. आणि मग, तुम्हाला सांगते, ब्याऐंशी वर्षांच्या अनुभवाचं सार त्यांनी मला सांगितलं. “हे बघ पोरी, बायका मोजायच्या नसतात. बायका लग्न करून बाहेरून येतात. त्यांचा पिंड इथल्या पाण्यावर पोसलेला नसतो, म्हणून त्या धरायच्या नसतात. हा नियम आहे. आणि का, ते...”

“विचारायचं नाही, माहितीय. पण आजोबा, आपण कुठनं येणार?”

“म्हणजे?”

“डेटनहून. बाहेरून! तुम्ही, काका, टेट, सगळे. म्हणजे इथल्या मोजणीत तुम्हीसुद्धा बायकोच की!”

गाडीवरून वहिनी फसकन हसली. बिस्किटाचा भुगा टेटच्या तोंडावर. आणि टेटनं, जन्मात पहिल्यांदा, मान आडवी हलवली!

“घराच्या कागदावर मी सही करणार नाही,” मी म्हटलं. “आज नाही, उद्या नाही, पाचव्या काउंटीतही नाही. जिथे वहिनीला मोजत नाहीत तिथे मी एक वाफासुद्धा घेणार नाही.”

वाटलं, आता आभाळ कोसळणार. आजोबांनी टोपी घातली. काकांनी पाकीट चुरगाळून खिशात कोंबलं. दोघं येऊन मागच्या सीटवर बसले, हात मांडीवर ठेवून, शाळेतल्यासारखे.

डेटन नऊ तास. आता जग बदललं वगैरे माझा काही भ्रम नाही हो... पण नऊ तास गाडी मी चालवली, आणि नऊ तासांत एकदाही, एकदाही कुणी म्हणालं नाही, “रेना, ब्रेक!”