फट नेमकी कोणाची?

…नाही, पण मी म्हणते, फट असतेच कशी? भिंत आहे, जमीन आहे, मग मध्ये हे तिसरं कोण घुसलं? तुम्हाला सांगते, घरात नवी लाकडी जमीन घालायची ठरली, जुनी उखडली, भिंतीच्या पायथ्याच्या पट्ट्या काढल्या आणि बघते तर काय, मधल्या सगळ्या भिंती अधांतरी! खाली सहज बोट जाईल एवढी फट! मुंग्यांचा हमरस्ता! आणि मी इतकी वर्षं साखरेच्या डब्याला दोष देत होते!

जमीनवाल्याने वाकून टॉर्च मारला. "ताई, आधी ह्या फटी भरून घ्या. एकदा फळ्या बसल्या की हात पोचायचा नाही." म्हटलं, मग भरा की! तर म्हणे, "माझं काम जमिनीचं. हे भिंतीचं झालं." गवंड्याला फोन केला. तो म्हणतो, "वहिनी, भिंत उभी आहे ना? पडली नाही ना? मग फट जमिनीची!" आता बोला! फट ना भिंतीची, ना जमिनीची! आमच्या ह्यांना सांगितलं, तर मोबाईलमधून मान वर न काढता, "भरू रविवारी." कुठल्या रविवारी, ते विचारायचं नसतं!

आणि जमीनवाला तर उद्याच फळ्या घेऊन येणार…

शेवटी उठले कोण? सासरे! गुडघे कुरकुरतायत, पण स्वतः जाऊन फोमचा डबा, फटी बुजवायच्या सीलंटची बंदूक, जुना ब्रश, सगळं घेऊन आले. "सूनबाई, तू तुमच्या खोलीतून, मी माझ्या खोलीतून. मध्ये भेटू."

झालो दोघं पालथे! आधी ब्रशने माती काढली. काय काय निघालं म्हणून सांगू… धाकट्या लेकीचे खडू, बटणं, ह्यांचं हरवलेलं गॅरंटी कार्ड! मग फोम. आता त्या डब्यावर लिहिलंय, 'थोडाच सोडा.' थोडाच म्हणजे किती? मी आपली सढळ हाताने सोडला. अहो, तो फुगायला लागला! फुगतोय, फुगतोय, भिंतीखालून बाहेर येतोय, माझ्या अंगावर येतोय! तोंडातल्या तोंडात पुटपुटले, "अगं बाई, आता ह्याला आवरू कसा?"

तर भिंतीपलीकडून आवाज, "हात लावू नकोस. वाळू दे, मग सुरीने कापू."

मी चपापले. "बाबा, एवढं हळू बोललेलं ऐकू आलं तुम्हाला?"

"येतं की. माझी उशी इथेच असते ना, फटीपाशी. सगळं ऐकू येतं."

स… सगळं?! इतकी वर्षं त्या खोलीत मी काय काय बोलले असेन, आठवून बघते… नको, आठवायलाच नको!

"सगळं म्हणजे तसं नाही गं," ते म्हणाले. "तुमचं भांडण जुंपलं की मी रेडिओ लावायचो."

आणि मी ह्यांना म्हणायचे, बघा तुमचे वडील, आपल्याला धड भांडूसुद्धा देत नाहीत, लगेच रेडिओ!

"तेही ऐकलंय," पलीकडून.

हसू की रडू, कळेना. पण मग एकदम डोक्यात लख्ख झालं. धाकटी शाळेत जायला लागली ना, तेव्हा मी ह्यांच्याजवळ रडले होते. सकाळचं मला झेपत नाही, नोकरी सोडते म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी बाबा बूट घालून दारात उभे! "डॉक्टरांनी सकाळी चालायला सांगितलंय. नातीला मीच सोडतो." चहासुद्धा करून ठेवलेला! नोकरी टिकली माझी. आणि मी मनातल्या मनात दुवा कोणाला देत होते? डॉक्टरला!

"बाबा… डॉक्टर काय म्हणाले होते हो तेव्हा?"

पलीकडे सीलंटची बंदूक करकरली.

"गुडघ्यांना आराम द्या, म्हणाले होते."

तुम्हाला सांगते, पुढची फट मला दिसेचना. डोळे पुसायला हात वर नेला, तर हाताला फोम! अंदाजानेच सीलंट ओढलं. दोन्ही बाजूंनी टॉर्च मारून पाहिलं, प्रकाशाची रेघसुद्धा पलीकडे जात नव्हती. कोण म्हणतं फट ना भिंतीची, ना जमिनीची? ती आमची होती! दोघांची!

दुसऱ्या दिवशी फळ्या बसल्या, काय देखणी दिसते जमीन! मुंग्या बंद, आवाज बंद. संध्याकाळी म्हटलं, आता मात्र समोर जाऊन बोलायचं. गेले त्यांच्या खोलीत. "बाबा, तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर."

"आँ?"

"उपकार आहेत!"

"जरा मोठ्याने बोल गं, हल्ली कानाला कमी येतं!"

काल भिंतीपलीकडून माझं पुटपुटणं ऐकणारे हेच ते कान! ओरडले! जीव खाऊन ओरडले! खालच्या काकूंनी हाक मारून विचारलं, काय झालं. वरचे आजोबा जिन्यात थांबून म्हणाले, अशी सून मिळायला भाग्य लागतं…

आता काय सांगू तुम्हाला? मी सासऱ्यांचे उपकार मानते हे अख्ख्या इमारतीला ठाऊक झालंय, फक्त सासऱ्यांनाच अजून कळायचंय.