फुकटचा तास

...घेतला परत! आज पहाटे मी झोपेत असताना इथल्या सरकारनं घड्याळात दोनाचे थेट तीन केले आणि माझा एक तास घेऊन गेले. विचारलं कुणी? छे! सकाळी जिन्यात घरमालकीणबाई, फ्राऊ क्र्युगर, हसून म्हणतात, ‘‘हो, श्रीयुत नागेश, आजपासून उन्हाळ्याची वेळ!’’ बाहेर मार्चचा गारठा, कानटोपीशिवाय कचरा टाकायला जाता येत नाही, आणि म्हणे उन्हाळा.

पण आजच्या तासाचं मला काही नाही हो, गेला तर गेला, एरवी तरी रविवारी मी कुठे मोठे दिवे लावतो? माझं दुःख आहे ते ऑक्टोबरातल्या तासाचं. तेव्हा ह्याच बाई, ह्याच जिन्यात, लॉटरी लागल्याचं सांगावं तशा म्हणाल्या होत्या, ‘‘चला, आज एक तास फुकट मिळाला तुम्हाला!’’

फुकट मिळाला म्हणे!

मी नवखा. दोन हजार साली एप्रिलात इथं ब्राउनश्वाइगला पीएच.डी. करायला आलो. आता गंमत बघा, अख्ख्या जर्मनीची वेळ ह्याच गावातून ठरते, अणुघड्याळं का काय ती इथंच, आणि माझ्या खोलीतलं घड्याळसुद्धा असलं शहाणं की रेडिओवर वेळ ऐकून आपले काटे आपणच फिरवतं. त्याचा मालक मात्र... जाऊ दे.

तर ऑक्टोबरातल्या त्या रविवारी नेमकी भाऊबीज. माझी थोरली बहीण, अहिल्याताई, कराडला असते. आई-बाबा गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे मी एकटा, आणि मी बसलोय इथं, म्हणजे तिचं माहेर म्हणजे फोन! तोही मी केला तरच, कारण तिच्या फोनवरून परदेशी लागत नाही. आदल्या रविवारी ती म्हणाली, साडेपाचला कर, रिसीव्हर पाटावर ठेवते आणि त्यालाच ओवाळते. हसताय? मीही हसलो होतो. साडेतीन तासांचा फरक, म्हणजे इथले दुपारचे दोन. कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं.

आणि रविवारी पहाटे, हिवाळ्याची वेळ म्हणून, इथलं घड्याळ तासभर मागे गेलं. मला कळलं होतं हो, त्या आनंदात मी तासभर जास्त झोपलोही, पण मला वाटलं साऱ्या जगाचंच गेलं! इथल्यांनी काटा मागे ओढला म्हणून कराडचा सूर्य काय थांबतो? पण हे तेव्हा सुचेल तर तो मी कसला...

बरोब्बर दोनला फोन लावला. ताईनं उचलला. मागे गलका, तिची नणंद आलेली, दाजींना ओवाळून झालेलं, फराळाच्या बशा वाजतायत. मी म्हटलं, ‘‘ताई, लाव निरांजन!’’

‘‘साडेसहा वाजले रे,’’ ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. पण नाही, हळूच सांगत होती, साडेपाचपासून ताट घेऊन फोनपाशी बसले होते, निरांजनात दोनदा तूप घातलं, शेवटी सासूबाई म्हणाल्या, अगं, चंद्र मावळायच्या आत त्याला तरी ओवाळून घे, भाऊ नसला की तसंच करतात, मग ओवाळलं चंद्रालाच.

‘‘भाऊ नसला की? अगं, मी आहे ना!’’

‘‘आहेस रे. पण मला वाटलं, तूही गेलास मला विसरून.’’

मग मी तिला घड्याळाचं सांगितलं, सगळं, उन्हाळ्याची वेळ, हिवाळ्याची वेळ, सरकारी काटा. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘पण गेलेली वेळ मागे कशी रे नेतात?’’ फोन ठेवला आणि खरं सांगतो, खूप रडलो.

फुकट मिळाला म्हणे तास! अहो, मी लोळत होतो तो तास ताई ताट घेऊन बसली होती. तिचाच उचलून दिला होता मला. माझा आज परत नेला, हिशेब चोख, जर्मन लोक! तिचा कोण परत देणार?

आणि रागवायचं तरी कोणावर? चंद्रावर? तो तर रोज पाऊण-पाऊण तास उशिरा उगवतो, तरी बायका ताट घेऊन त्याच्यासाठी गच्चीवर उभ्या. मी आयुष्यात एकदाच तासभर उशीर केला, तर नसल्यात जमा!